पांढरा बॉल मागे कसा येतो? पूलच्या टेबलावरची फिरकी

आज एका प्रश्नापासून सुरुवात करू. एट-बॉलचा डाव आहे, तुमचे सगळे बॉल संपलेत, फक्त काळा उरलाय. तो पॉकेटच्या तोंडापासून थोडा अलीकडे आहे, आणि पांढरा बॉल, काळा बॉल, पॉकेट, तिन्ही एका सरळ रेषेत. वाटतं की याच्याइतकं सोपं काही नाही. तुम्ही हलक्या हाताने मारता, काळा पडतो, आणि पाठोपाठ पांढराही त्याच पॉकेटमध्ये जातो. नियमाप्रमाणे डाव हरलात. नेम अचूक होता, मग चुकलं काय?

हे समजायला कॅरम आठवा. स्ट्रायकर चपटा असतो, तो नुसता घसरतो. पूलचा बॉल गोल आहे. तो एकाच वेळी दोन कामं करतो: पुढे सरकतो आणि स्वतःभोवती फिरतो. आता ही दोन कामं एकमेकांशी जुळलेली असतीलच असं नाही. आजचं सगळं व्याख्यान या न जुळण्याबद्दल आहे.

बॉलला बरोबर मध्यावर मारलं तर सुरुवातीला तो फिरत नाही, फक्त घसरतो. खालचं कापड त्याचा तळ मागे घासतं. त्यामुळे वेग कमी होतो आणि पुढची फिरकी वाढत जाते. दोन्ही जुळले की घसरणं थांबतं आणि बॉल लोळू लागतो. तोपर्यंत मूळ वेगाचा ५/७ भाग उरलेला असतो. हे गणित फार जुनं आहे. ज्यांच्या नावाचं बल आपण वाऱ्यांच्या संदर्भात शिकतो, त्या कोरिओलिस यांनी १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर चक्क एक पुस्तक लिहिलं होतं.

आता आपल्या काळ्या बॉलकडे परत या. दोन्ही बॉलचं वजन सारखं, टक्कर समोरासमोर. अशा टकरीत पांढरा आपला जवळजवळ सगळा वेग काळ्याला देऊन टाकतो. पण फिरकी देत नाही! कारण दोन्ही बॉल गुळगुळीत, त्यांच्यातलं घर्षण अगदी थोडं. म्हणजे पांढरा जागेवर थांबलाय, पण अजून फिरतोय. चिखलात अडकलेल्या एसटीचं चाक जागच्या जागी फिरतं ना, तसं. फरक इतकाच की इथे खाली चिखल नाही, कापड आहे, आणि कापड पकडतं. लोळत आलेल्या बॉलची फिरकी पुढची असते, म्हणून तो पुन्हा पुढे निघतो, टकरीआधीच्या वेगाच्या साधारण २/७ वेगाने. तेवढा वेग पॉकेटमध्ये पडायला पुरतो.

उपाय काय, ते आता तुम्हीच सांगाल. टकरीच्या क्षणी फिरकी शून्य असेल तर पांढरा तिथेच थांबेल. याला स्टन म्हणतात. आणि फिरकी उलटी असेल तर कापड त्याला मागे ढकलेल. हाच ड्रॉ, आपल्याकडचे स्नूकरवाले ज्याला स्क्रू म्हणतात. म्हणजे बॉलला मागे आणतो तो मनगटाचा झटका नव्हे. झटक्याने फार तर फिरकी मिळते, मागे आणायचं काम कापड करतं.

उलटी फिरकी द्यायला मध्याच्या खाली मारायचं. किती खाली? पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या साधारण २८.६. मध्याच्या वर त्रिज्येच्या २/५, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरवर मारलं, तर बॉल पहिल्या क्षणापासून लोळतो. तेवढंच खाली मारलं तर तितकीच फिरकी, पण उलट्या दिशेने मिळते. त्रिज्येच्या निम्म्यापेक्षा जास्त खाली गेलात की क्यूचं टोक निसटतं. टोकावर चामडं असतं आणि त्याला आपण खडू लावतो, ते ही पकड टिकावी म्हणूनच.

आता खरी मेख. ही उलटी फिरकी वाटेत खर्च होते. कापड सतत घासतंय, थांबत नाही. अंदाजे हिशेब करू: बॉल आणि कापड यांचा घर्षण गुणांक ०.२ धरा, वेग सेकंदाला २ मीटर, आणि मघाशी सांगितलेल्या साडेअकरा मिलिमीटर खाली मारलंय. साधारण ६५ सेंटीमीटरमध्ये उलटी फिरकी पूर्ण संपते. त्यापुढे बॉल लोळायच्या दिशेने जाऊ लागतो. म्हणजे काळा बॉल मीटरभर लांब असेल, तर तुम्ही खाली मारूनही पांढरा पुढेच जाणार! पण वेग दुप्पट केला तर हे अंतर चौपट होतं, जवळपास २.६ मीटर. नऊ फुटी टेबलाची खेळायची लांबी २.५४ मीटर असते. लांबचा ड्रॉ जोरात का मारावा लागतो, त्याचं उत्तर हे आहे. जोर मागे येण्यासाठी लागत नाही, फिरकी टकरीपर्यंत जिवंत राहावी म्हणून लागतो.

टक्कर तिरकी असेल तर? फिरकी नसलेला बॉल टकरीनंतर दुसऱ्या बॉलच्या वाटेशी जवळजवळ काटकोन करून जातो. उलटी फिरकी असेल तर आधी त्याच रेषेवर निघून मग मागे वळतो, पुढची असेल तर पुढे वळतो. जितकं जोरात माराल, तितकं वळण उशिरा येतं.

आता साइड, म्हणजे डावी-उजवी फिरकी. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: उजवीकडे मारलं की बॉल उजवीकडे वळत जातो. भोवरा आठवा. आरेवर उभा फिरणारा भोवरा कितीही जोरात फिरला तरी फिरकीमुळे एका बाजूला धावत सुटत नाही. साइडची फिरकी तशीच, उभ्या आसाभोवती. क्यू आडवा असेल तर कापडावर ती बॉलला वळवत नाही. क्यूची मागची बाजू उचलली, तर मात्र आस कलतो आणि वाट वाकते.

साइडचा खरा परिणाम कुशनवर दिसतो. उजवी साइड घेतलेला बॉल समोरच्या कुशनवर सरळ आपटला तर उजवीकडे उसळतो. ही फिरकी उलट्या फिरकीपेक्षा हळू झिजते, त्यामुळे लांबच्या कुशनपर्यंतही पुरते.

पण तिची किंमत मोजावी लागते. उजवीकडे मारताना पांढरा बॉल निघतानाच किंचित डावीकडे सरकतो. शिवाय टकरीत त्याचा पुढचा भाग समोरच्या बॉलला थोडं डावीकडे ओढतो. क्यू जरा उचललेला असेल तर वाट उजवीकडे वाकते, ते वेगळंच. एका नेमात तीन चुका मिसळल्या! म्हणून नवशिक्याला माझं सांगणं असं की मधल्या उभ्या रेषेवरच वर, मध्ये, खाली मारून जे साधतं ते आधी पक्कं करा. साइड घ्यायची ती कुशनवरून बॉल कुठेतरी न्यायचा असेल तेव्हाच.

घरी गेल्यावर, म्हणजे टेबल मिळेल तेव्हा, एवढं करून बघा. दोन बॉल सरळ रेषेत एक वीत अंतरावर ठेवा, मध्याखाली मारा आणि पांढरा कुठे थांबतो ते बघा. मग त्याच जोराने, त्याच जागी मारत अंतर थोडं थोडं वाढवा. एका अंतरावर पांढरा मागे न येता जागीच थांबेल. तिथे कापडाने तुमची फिरकी नेमकी संपवलेली असते. ते अंतर लक्षात ठेवा. पुढच्या वेळी काळा बॉल समोर असेल तेव्हा ते कामी येईल.