बर्फाचे पाते आणि परका ट्रॅक्टर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, मिशिगन राज्याच्या अगदी उत्तरेस, सुपीरियर सरोवरात घुसलेला कीवनॉ नावाचा एक द्वीपकल्प आहे. हिवाळ्यात वायव्येकडून येणारे थंड, कोरडे वारे या विस्तीर्ण सरोवरावरून वाहताना उष्णता व बाष्प उचलतात आणि किनाऱ्यावरील उंच भूमीवर चढताच ते बाष्प हिमरूपाने टाकून देतात. १९७८-७९ च्या हिवाळ्यात येथे एकूण ३९०.४ इंच, म्हणजे जवळजवळ १० मीटर हिम पडल्याची नोंद आहे. सार्वजनिक रस्त्यांवरील बर्फ सरकारी यंत्रे दूर करतात. परंतु रस्त्यापासून घरापर्यंतची खाजगी वाट ज्याची त्यानेच मोकळी ठेवावयाची असते. ती बंद राहिली तर घर उबदार ठेवणारे इंधन घेऊन येणारी गाडी दारापर्यंत येत नाही आणि प्रसंगी रुग्णवाहिकाही येऊ शकत नाही.

अशा प्रदेशांतील पुष्कळ कुटुंबे या कामासाठी लहान ट्रॅक्टर बाळगतात. उन्हाळ्यात तो गवत कापतो. हिवाळ्यात त्याच्या पुढे एक वक्र पोलादी पाते बसवून बर्फ बाजूस लोटता येतो. आता ट्रॅक्टर हे गुंतागुंतीचे यंत्र. ते झिजते, जुने होते, बदलावे लागते. पाते मात्र जाड पोलादाचे. ते दोन ट्रॅक्टरांचे आयुष्य सहज पुरते. मग प्रश्न उभा राहतो: जुन्या ट्रॅक्टरासाठी घडविलेले पाते नव्या, वेगळ्या बनावटीच्या ट्रॅक्टरास कसे बसवावे? प्रश्न घरगुती आहे. पण त्याच्या उत्तरात यंत्रशास्त्राची कित्येक मूलतत्त्वे गुंफलेली आहेत.

पात्याची रचना

हे पाते म्हणजे नुसता पत्रा नव्हे. त्याच्या खालच्या कडेस बोल्टने बसविलेली धारेची पट्टी असते. ती झिजली की बदलता येते. जमिनीपासून किंचित अंतर राखण्यासाठी दोन्ही बाजूंस घसरपट्ट्या असतात. पात्यामागे एक उभी खिळी असते. तिच्याभोवती पाते डावीकडे वा उजवीकडे वळविले म्हणजे बर्फ एका बाजूस सरकतो. पाते मागच्या बाजूने दणकट स्प्रिंगांनी ताणून धरलेले असते. बर्फाखाली दडलेला दगड धारेस लागला तर स्प्रिंगा ताणल्या जातात, पाते पुढे कलंडून अडथळ्यावरून निघून जाते व पुन्हा पूर्ववत उभे राहते. या सर्वांच्या मागे एक लांब चौकट असते. पाते व ट्रॅक्टर यांचा संबंध जुळतो तो या चौकटीमुळे, आणि नव्या ट्रॅक्टराशी जुळत नाही तीही हीच.

बल कोठे जाते?

पाते पुढे असते, म्हणून ते ट्रॅक्टराच्या नाकाशी जोडावे, असे प्रथमदर्शनी वाटते. येथेच मोठी चूक होण्याचा संभव असतो. अनेक ट्रॅक्टरांना मोटारलॉरीसारखा अखंड सांगाडा नसतो. इंजिन, दंतचक्रांची पेटी व मागील आसाचे घर हे बिडाचे भाग एकमेकांस बोल्टने जोडले की त्यांचाच ट्रॅक्टराचा कणा बनतो. बीड दाब उत्तम सोसते, परंतु ताण व धक्का यांपुढे ते ठिसूळ ठरते. पुढील आसाचा आधार हा मुख्यतः इंजिनाचे वजन पेलण्यासाठी असतो. समोरून बसणारे तडाखे झेलण्यासाठी नव्हे.

हे तडाखे केवढे असतात ते गणिताने पाहता येते. चालकासह ९०० किलोग्रॅम वजनाचा ट्रॅक्टर ताशी ८ किलोमीटर वेगाने चालला असता त्याची गतिज ऊर्जा सुमारे २,२०० जूल होते. पाते एखाद्या पक्क्या अडथळ्यास थडकून ट्रॅक्टर अवघ्या ५ सेंटिमीटरांत थांबला, तर सरासरी बल सुमारे ४,५०० किलोग्रॅम भाराएवढे होईल. म्हणजे ट्रॅक्टराच्या वजनाच्या पाचपट! तेच थांबणे २५ सेंटिमीटरांत झाले तर बल पाचव्या हिश्श्यावर येते. स्प्रिंगांचे महत्त्व यावरून ध्यानात येईल. हलक्या ट्रॅक्टरासाठी केलेले पाते दुप्पट वजनाच्या ट्रॅक्टरास लावले तर त्याच वेगाला ऊर्जा दुप्पट होते; आणि वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. म्हणून वेग कमी ठेवणे हा पहिला नियम. पाते वारंवार कलंडते म्हणून स्प्रिंगा जखडून टाकणे म्हणजे तोच तडाखा यंत्रावर व चालकावर ओढवून घेणे होय.

यासाठी जाणता कारागीर चौकट ट्रॅक्टराच्या पोटाखालून मागे नेतो आणि मागील आसाच्या घराशी किंवा त्याजवळील भक्कम भागाशी जोडतो. पुढील बाजूस चौकटीला केवळ उचलण्यापुरता आधार असतो. ढकलणारी शक्ती मागील चाकांपासून निघते. ती मागूनच चौकटीत उतरली म्हणजे मधल्या बिडावर भार येत नाही. ही जोडणी करताना बिडाच्या भागांवर वेल्डिंग करू नये. एकाच जागी तापून निवताना बीड तडकते. कारखान्याने मुळातच ठेवलेली आट्यांची भोके शोधून त्यांत ८.८ सारख्या उच्च दर्जाचे बोल्ट बसविणे हाच सुरक्षित मार्ग होय.

कित्येकदा नव्या ट्रॅक्टरास पुढे माल उचलणारे दोन तेलदाबाचे हात असतात. त्यांच्या टोकास पाते अडकविणे सोपे दिसते. परंतु ते हात वजन उचलण्यासाठी घडविलेले असतात. पात्याचे एकच टोक दगडास लागले तर लांब हातांना पीळ बसतो आणि ते वाकतात. हलक्या, भुसभुशीत बर्फात मंद वेगाने ही युक्ती चालते. गोठलेल्या ढिगाऱ्यांसाठी ती योग्य नाही.

मोजमापे

पोलाद कापण्यापूर्वी पुठ्ठ्याचे साचे करून ते ट्रॅक्टराला लावून पाहावेत. चार गोष्टी विशेष तपासाव्या लागतात.

पहिली, उंची. पाते जमिनीवर टेकले असता चौकट शक्य तितकी आडवी असावी. नव्या ट्रॅक्टरावर मागील जोड उंच आला तर चौकट पुढे उतरती होते व तिच्यावरील खिळीही पुढे झुकते. मग पाते वळविताच त्याचे पुढे गेलेले टोक जमिनीत रुतते आणि मागे आलेले टोक उचलले जाते. पाते ‘वाकडे’ निघाले असे वाटते. वस्तुतः दोष जोडाच्या उंचीचा असतो.

दुसरी, रुंदी. १५० सेंटिमीटर रुंदीचे पाते ३० अंश वळविले की ते जेमतेम १३० सेंटिमीटर वाट मोकळी करते. चाकांच्या बाहेरील कडांमधील अंतर १४० सेंटिमीटर असेल तर चाके लोटलेल्या वाटेबाहेर बर्फावर चालतील.

तिसरी, मोकळीक. पुढील चाके दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून ती चौकटीस घासत नाहीत ना, हे पाहावे. तेल काढण्याचे बूच झाकले जाऊ नये.

चौथी, उचलण्याची सोय. तेलदाबाच्या झडपेस ‘तरंगती’ अवस्था असणे इष्ट असते. त्या अवस्थेत दट्ट्याच्या दोन्ही बाजूंचे तेल मोकळे राहते व पाते स्वतःच्या वजनाने जमिनीचे चढउतार अनुसरते. ती नसेल तर उंचवट्यावर धार रुतते आणि खळग्यात बर्फ मागे राहतो.

तरफेचा हिशेब

१२० किलोग्रॅमचे पाते पुढील आसाच्या ९० सेंटिमीटर पुढे उचलून धरले आहे व दोन आसांतील अंतर १५० सेंटिमीटर आहे, असे समजा. पुढील आस हा टेकू. तरफेच्या नियमाने मागील चाकांवरील भार ७२ किलोग्रॅमने कमी होतो आणि पुढील आसावर १९२ किलोग्रॅम वाढतात. मागील चाके हलकी झाली की ती बर्फावर घसरतात. म्हणून मागे वजनाची पेटी लावतात. ती मागील आसाच्या ८० सेंटिमीटर मागे असेल तर ४७ किलोग्रॅम वजनानेच ते ७२ किलोग्रॅम भरून निघतात. शिवाय चाकांवर साखळ्या चढविल्या म्हणजे पकड वाढते.

पुढे अडचण, मागे सुलभता

याच ट्रॅक्टराच्या मागील बाजूस असला खटाटोप करावा लागत नाही. हॅरी फर्ग्युसन या संशोधकाने विकसित केलेली त्रिबिंदू जोडणी १९३६ साली फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरावर आणि १९३९ साली फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरावर बाजारात आली. पुढे तिची मापे आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून ठरविली गेली. लहान ट्रॅक्टरांच्या एका प्रचलित वर्गात खालच्या खिळ्यांचा व्यास २२ मिलिमीटर व वरच्या खिळीचा १९ मिलिमीटर असतो. महाराष्ट्रातील शेतकरी ट्रॅक्टर बदलतो तेव्हा त्याच वर्गाचा जुना नांगर नव्या ट्रॅक्टरास थोड्या वेळात जोडतो, तो या प्रमाणीकरणामुळेच. लहान ट्रॅक्टरांच्या पुढील बाजूस मात्र सर्व कारखान्यांनी पाळलेले असे एकच प्रमाण रूढ झालेले नाही. प्रत्येकाची बैठक निराळी असते.

जेथे प्रमाण नाही तेथे मोजपट्टी, पुठ्ठ्याचा साचा आणि बलाच्या मार्गाचे ज्ञान यांवर भिस्त ठेवावी लागते. जोडणी पुरी झाल्यावर पहिल्या हिमपातापूर्वीच, कोरड्या जमिनीवर, पाते उचलून, टेकवून व दोन्ही बाजूंस वळवून पाहावे. थोडे काम होताच सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. मध्यरात्रीच्या वादळात बोल्ट तुटला तर वाट बंद होते. आणि त्याच रात्री ती उघडी असण्याची गरज सर्वांत अधिक असू शकते.