वेळासची टोपली

पहाटे साडेचार

मोबाइलवर गजर लावतो, पण उठतो तिथी पाहून. आज फाल्गुन वद्य पंचमी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे गणित आमच्याकडे पोराला शाळेत घालायच्या आधी येतं. पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पाणी चढून आता उतरायला लागलं. कासवाची मादी यायची असेल तर भरतीच्या अंगानेच येते, तेवढंच कमी सरपटावं लागतं. ती येऊन गेली असेल तर माग अजून ताजा असणार. आणि तो माग कुत्र्यांना नि कोल्ह्यांना माझ्याइतकाच चांगला वाचता येतो, म्हणून घाई.

ओटीवर शिमग्यासाठी मुंबईहून आलेले दोघे भाऊ घोरत पडलेत. त्यांना ओलांडून निघालो तर आतून बायकोचा आवाज आला, "अहो, आज पालखी आपल्या आळीत आहे. अकराच्या आत घरात पाहिजे तुम्ही."

"दहालाच येतो."

हे मी गेल्या शिमग्यालाही म्हणालो होतो.

पाच

सुरूच्या बनातून बाहेर पडलं की विजेरी बंद. लागलीच तर लाल कागद लावलेली. पांढरा उजेड अंगावर आला तर मादी अंडी न घालताच परत फिरते. चंद्र अजून वर आहे, त्याच्यावर भागतं. मतलई वारा सुटलेला. मी बाणकोटच्या अंगाने चालत येतो, जोडीदार दुसऱ्या टोकाकडून निघतो, मध्ये कुठेतरी भेट.

कासवाचा माग चुकणं कठीण. लहानसा ट्रॅक्टर पाण्यातून वर आला आणि वळून पुन्हा पाण्यात गेला, असं दिसतं. आजचा पहिला माग मात्र फसवा निघाला. वर आली, सुरूच्या मुळ्यांपाशी थबकली, वळली, गेली. वहीत लिहिलं : ‘आली. अंडी नाहीत.’ नवीन पोरं अशा नोंदीचा कंटाळा करतात. अंडी नाहीत तर लिहायचं काय, म्हणतात. पण ती का फिरली हे कधीतरी कुणाला शोधावंसं वाटलं तर निदान ती आली होती एवढं तरी सापडायला हवं.

दुसरा माग खरा होता. वरच्या टोकाला वाळू विस्कटलेली, मधोमध थोपटून बसवलेली. ऑलिव्ह रिडले अंडी घालून झाली की खड्डा बुजवते आणि वर स्वतःच्या अंगाने थोपटते, शेणाने जमीन चोपावी तशी. पण त्या विस्कटलेल्या जागेत अंडी नेमकी कुठे, हे कळायला हात बसलेला लागतो. माझे वडील बारीक काठी खुपसत. काठी एकदम सैल गेली की तिथे घरटं, आणि टोक चिकट होऊन वर आलं की एक अंडं फुटलं. आम्ही काठी वापरत नाही. तळहाताने दाबत जायचं, वाळू खचते तिथे थांबायचं.

वडील अंडी कशाला शोधत, हे पर्यटकांना सांगताना पूर्वी मी घुटमळायचो. आता सरळ सांगतो : खायला, आणि उरली तर विकायला. मीही खाल्ली आहेत. कितीही उकडा, कासवाच्या अंड्याचा पांढरा भाग कोंबडीच्या अंड्यासारखा घट्ट होत नाही, तसाच पातळ राहतो. ती चव मला अजून आठवते, आणि आठवते म्हणून स्वतःवर रागावत बसायला मला वेळ नाही. किनारा कसा वाचायचा हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते अंडी काढणाऱ्यांना येत होतं. वडिलांकडून मी तेवढं घेतलं आणि काठी टाकून दिली.

हाताने वाळू उपसत गेलं की दीड फुटाच्या आत पहिलं अंडं लागतं. टेबल टेनिसच्या चेंडूएवढं, पण दाबलं तर चामड्यासारखं दबणारं. बादलीत आधी त्याच घरट्यातली ओली वाळू, मग अंडी एकेक. जी बाजू वर तीच वर ठेवायची, फिरवायचं नाही. घातल्यापासून काही तासांत आतला जीव टरफलाला धरतो. त्यानंतर हलवलं की संपलं. म्हणून सगळं उन्हाआधी उरकायचं. एकशे अकरा भरली. जोडीदार येऊन बादलीत डोकावला आणि म्हणाला, "तुझ्याच बाजूला कशी रे येतात?" तो रोज हेच म्हणतो. त्याच्या बाजूला आली तर मी म्हणतो.

सहा

हॅचरी म्हणजे भरतीच्या रेषेच्या वर, जाळीने कुंपण घातलेला वाळूचा चौकोन. त्यात नवा खड्डा मादीने खणला होता तसाच हवा : तोंड अरुंद, खाली पोट सुटलेलं, गाडग्यासारखा. मादी हे पाठीमागे न बघता मागच्या पायांनी करते, मला दोन हात आणि दोन डोळे असून पंधरा मिनिटं लागली. अंडी आत, वाळू वर, पाटी : क्रमांक, तारीख, अंड्यांची संख्या. तिथी मी माझ्या मनाने लिहितो, तो रकाना छापील नमुन्यात नाही. आता साधारण ४५ ते ६० दिवस वाट बघायची. वाळू तापली तर लवकर, गार राहिली तर उशिरा. जास्त तापली तर माद्याच माद्या. पिल्लू नर व्हायचं की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं, म्हणून मार्चपासून वर हिरवी जाळी ताणावी लागते.

सात

या वेळेचं सगळ्यांनी लिहून झालंय, फोटोही निघून झालेत. दिवस भरत आलेल्या घरट्यावर बांबूची टोपली पालथी घातलेली असते. पर्यटक कुंपणाबाहेर श्वास रोखून उभे, आपण टोपली उचलायची. कधी खाली चाळीस पिल्लं वळवळत असतात, कधी नुसती वाळू. आज नुसती वाळू. ठाण्याहून रात्रभर गाडी चालवत आलेले एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आज शो नाही?" मी म्हटलं, संध्याकाळी सहाला पुन्हा बघतो. शो या शब्दावर पूर्वी भांडायचो.

हे सुरू कसं झालं, तेही याच वेळी सांगतो, टोपली रिकामी निघाली की सांगायला वेळ असतो. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडांच्या कामासाठी किनारे पालथे घालत होते. वेळासच्या वाळूत त्यांना अंड्यांची टरफलं दिसली. त्यांनी गावात विचारलं, गावाने खरं सांगितलं. पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्लं पाण्यात गेली. पुढे कासव महोत्सव आला, घरोघरी पाहुणे उतरायला लागले, वनखातं आलं, कांदळवन कक्ष आला. तोवर वेळास लोकांना ठाऊक होतं ते नाना फडणवीसांचं गाव म्हणून. एकदा गाडी उभी करून कुणीतरी "कासवाचं वेळास हेच ना?" असं विचारलं, तेव्हा आमचे एक आजोबा नानांच्या वतीने रागावले होते.

नऊ

घरी चहा, भाकरी. पाहुण्यांचे पोहे. भावांना रंगासाठी बादली हवी होती, आणि घरातली चांगली बादली माझ्याकडे, कासवांच्या कामाला. दिली नाही. त्यावरून थोडं झालं.

साडेदहा

अकराला घरी असायचं होतं. पण तीन दिवसांपूर्वी पिल्लं निघून गेलेलं एक घरटं आज उकरायचं होतं, आणि हे काम उद्यावर ढकललं की खाली मागे राहिलेलं पिल्लू मरतं.

फोटो न निघणारं काम हे. कुजलेल्या अंड्याचा वास कपड्यातून दोन धुण्यांपर्यंत जात नाही. गुडघ्यावर बसून हाताने वाळू काढायची, टरफलं एका बाजूला, न उबलेली अंडी दुसऱ्या बाजूला. पाटीवर १०८ लिहिलं होतं. आतापर्यंत ९२ पिल्लं सोडलेली. मोजत गेलो : रिकामी टरफलं ९४. म्हणजे दोन अजून खाली असली पाहिजेत. होतीच. एकाचा पुढचा पाय मुळीत अडकलेला, दुसरं टरफलांच्या ढिगात दबून गेलेलं. दोघं जिवंत. ओलसर वाळूच्या टोपल्यात घालून वर गोणपाट टाकलं, सावलीत ठेवलं. न उबलेली १४. ती फोडून बघायची : अकरांत काही धरलंच नव्हतं, तिघांत पूर्ण वाढलेलं पिल्लू, मेलेलं.

या तिघांची नोंद करताना हात जड होतो, हे कबूल करतो. पण मला विचाराल तर वही म्हणजे हीच पानं. किती सोडली हे सगळे विचारतात. किती निघालीच नाहीत हे लिहून ठेवलं, तरच खड्डा उथळ पडला, वाळू तापली की मी बादली हिंदकळवली, यातलं काहीतरी कळण्याची आशा. गेल्या वर्षी एका रांगेत सलग तीन घरटी कमी उबली, तेव्हा वही मागे चाळून बघितली तर त्या रांगेवर दुपारनंतर सावलीच नव्हती. जाळी एक हात पुढे ओढली.

एवढ्यात वाडीतून ढोल वाजायला लागला. पालखी आमच्या दारात नाचत होती आणि मी दहा बोटं वाळूत घालून बसलो होतो.

एक

घरी पोचलो तर प्रसादाचं खोबरं वाटीत झाकून ठेवलेलं. बायको काही बोलली नाही. आई म्हणाली, "हात धू आधी. वासानं देव पण परत गेला असता."

जेवण. अर्धा तास डोळा. मग उन्हात पुन्हा एक फेरी, कारण भर दुपारी एखादं पिल्लू वर आलं तर टोपलीखाली भाजून निघतं.

चार

पाणी पुन्हा भरलेलं. भरतीने वर आणून टाकलेलं वेचायची ही वेळ : चपला, थर्माकोल, औषधांच्या बाटल्या, आणि जाळ्यांचे तुकडे. चपलांचं कासवाला फारसं काही नाही. जाळं वाईट. तुटून समुद्रात सुटलेलं जाळं मासेमारी करतच राहतं, फक्त ते ओढायला कुणी नसतं. त्यात अडकलेलं कासव किनाऱ्याला लागतं तेव्हा बहुतेकदा पुढचा पाय मुळापासून कापला गेलेला असतो. काम चालू असलेल्या जाळ्यात कासव आलं आणि जाळं कापून सोडलं, तर २०१८ पासून मच्छीमाराला २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना मला भाषणांपेक्षा शहाणी वाटते. जाळं कापायला सांगणाऱ्याचं जाळं नसतं.

सहा

टोपलीखाली सहा. सकाळची दोन धरून आठ. बघायला साठ-सत्तर माणसं, निम्म्यांच्या गालावर रंग.

दोरी बांधलेली असते, तिच्या पलीकडे पाय टाकायचा नाही, फ्लॅश नाही, हात लावायचा नाही. पिल्लं पाण्यात नेऊन सोडत नाही, वाळूवर ठेवतो. पाण्यापर्यंतचं अंतर त्यांनीच चालायचं. तेवढ्या चालण्यात किनारा त्यांच्यात मुरतो आणि मोठी झाल्यावर माद्या याच भागात परततात, असं अभ्यासक मानतात. वर घारी फिरत असतात, त्यांनाही वेळ माहीत झालीय.

मुळीत अडकलेलं पिल्लू दोनदा उलटं पडलं. एक छोटी मुलगी दोरीखालून म्हणाली, "काका, त्याची आई कुठंय?"

"समुद्रात."

"मग ती येईल न्यायला?"

"नाही ग. अंडी घातली की तिचं काम झालं. ही तिला कधी दिसत नाहीत."

मुलगी रडायला लागली. तिच्या आईने माझ्याकडे असं बघितलं की बोललो नसतो तर बरं. पण खोटं काय सांगू? आठवं पिल्लू लाटेत गेलं तेव्हा सहा सत्तावीस झाले होते.

रात्री नऊ

अंगणात पाहुण्यांची जेवणं झाली. वही पक्की करायला बसलो. बसलो की दुसऱ्यांच्या दोन नोंदी आठवतात.

२५ जानेवारी २०२२ ला याच किनाऱ्यावर अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवलं. तिचं नाव प्रथमा. काही महिने ती कुठे आहे हे नकाशावर दिसायचं, मग संदेश थांबला. मला मात्र त्याहून जास्त ओढ आहे ती एका साध्या बिल्ल्याची. २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला कुणीतरी एका मादीच्या पायाला ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावला आणि लिहून ठेवलं. जानेवारी २०२५ मध्ये ती मादी रात्री गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवं तिकडची, आपली इकडची, अशी समजूत होती. तो आकडा तिकडे कुणी टिपला होता आणि इकडे कुणी विजेरी धरून वाचला, म्हणून ती समजूत मोडली.

आजचं पान : माग दोन, घरटं एक, अंडी १११, सोडलेली पिल्लं ८, मेलेली ३. तिथी पंचमी. उद्या षष्ठी, सहा पाऊणे साडेचार, म्हणजे उठायला पाऊण तास उशीर चालेल.

यायचं असेल तर मार्चमध्ये या. खोली आधी सांगून ठेवा, पांढरी विजेरी घरी ठेवा. टोपली सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला उचलतो. खाली काही असेलच असं नाही.