श्वासाच्या आधी शील

दिवाळीच्या तोंडावर चामटोलीच्या शिवारात भातकापणीची लगबग असते, आणि त्याच खाचरांच्या कडेने भल्या पहाटे बाहेर पडून बदलापूर स्थानक गाठणारा नोकरदारही आता त्या चित्राचा भाग झाला आहे. गेल्या पावसाळ्यात बदलापूरहून सुटलेल्या लोकलमध्ये माझ्यासमोर खिडकीपाशी असाच एक तरुण डोळे मिटून बसला होता; कानांत इयरफोन, मांडीवर बॅग, आणि हातातल्या मोबाईलवर एक निळे वर्तुळ संथपणे फुगत होते, आकसत होते, त्याच्या लयीत त्याचा श्वास चालला होता. अंबरनाथला एक वयस्क गृहस्थ गर्दीतून वाट काढीत आले आणि चौथ्या सीटसाठी नेहमीप्रमाणे ‘जरा सरका’ म्हणाले. बाकावरचे दोघे सरकले. परंतु खिडकीकडचा हलेना, तेव्हा त्यांना टेकायलाही जागा होईना. कल्याण आले तेव्हा कुठे त्या तरुणाने डोळे उघडले, समोरचा प्रकार पाहिला, आणि ओशाळून स्वतःची खिडकीच त्या गृहस्थांस देऊन टाकली.

मुलगा भला होता, यात संशय नाही. परंतु त्यास जे अवधान शिकविले गेले होते त्याची हद्द नासिकाग्रापाशीच संपत होती, आणि हा दोष त्याचा नसून शिकवणुकीचा आहे, असे मला वाटते.

सिलोनच्या मुलकी खात्यात नोकरी केलेल्या ऱ्हीस डेव्हिड्स या पाली पंडितांनी १८८१ मध्ये ज्या शब्दासाठी ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी प्रतिशब्द रूढ केला, तो मूळ शब्द ‘सति’, म्हणजे आपली संस्कृत ‘स्मृती’. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार ठिकाणी ही स्मृती जागती ठेवण्यास सांगितले आहे खरे. पण अष्टांगिक मार्गात तिचा क्रम सातवा, आणि तिच्या आधी सम्यक वाणी, सम्यक कर्म व सम्यक आजीविका येतात. उल्हासनगर-अंबरनाथकडच्या विहारांतून लहान मुलेही जे पंचशील म्हणतात, त्यातील पाचव्या शीलात मद्याला ‘प्रमादाचे स्थान’ म्हटले आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, आणि त्याच्या उलट जो अप्रमाद, तोच स्मृतीचा सख्खा भाऊ. ज्यांच्या घरी पंचशील रोज म्हटले जाते त्यांना, सजगता शिकण्याचा पहिला पाठ, कदाचित नकळत, आधीच मिळालेला असतो.

या बाबतीत रंगूनमधली एक हकिकत मला फार मोलाची वाटते. सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाच्या सरकारात महालेखापाल होते. सरकारी दफ्तरातल्या हिशेबाचा एवढा बोजा अंगावर असताना त्यांनी कचेरीतल्या कर्मचाऱ्यांनाही ध्यानास बसविले. १९५५ मध्ये सत्यनारायण गोयंका हे मंडालेत जन्मलेले तरुण व्यापारी अर्धशिशीने हैराण होऊन, मॉर्फिनच्या सुया घेऊन थकल्यावर त्यांच्याकडे आले. ऊ बा खिन यांनी प्रथम त्यांस नकार दिला. शरीराचा एखादा आजार बरा करून घेण्यासाठी ही विद्या मागणे म्हणजे तिचे मोल उतरविणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. चित्तशुद्धीचा हेतू धरून येणार असाल तर या. गोयंका त्या हेतूने बसले, चौदा वर्षे गुरूंच्या सान्निध्यात राहिले, १९६९ मध्ये भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर सुरू झालेली शिबिरे आज जगभर पसरली आहेत.

नेमक्या उलट दिशेने १९७९ मध्ये अमेरिकेतल्या वुस्टर गावी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी सजगतेचा अभ्यासक्रम उघडला: जुनाट वेदनेने गांजलेले, औषधांनी पुरता उतार न पडलेले रुग्ण, हेच त्यांचे पहिले विद्यार्थी. रंगूनला जी डोकेदुखी दारातच अडविली गेली, तिच्यासाठी वुस्टरला दार सताड उघडले. कबाट-झिन यांना मी दोष देणार नाही; दुखणाऱ्याचे दुखणे हलके करणे हेही करुणेचेच काम आहे, आणि बौद्ध परिभाषा बाजूस ठेवल्यामुळे ते इस्पितळाच्या उंबऱ्याआत जाऊ शकले. खरा बिघाड पुढे झाला. इस्पितळातून हीच रीत कंपन्यांच्या सभागृहांत गेली, तेथून मोबाईलमध्ये आली, आणि या प्रवासात तिच्याकडून फक्त एवढीच अपेक्षा उरली की नोकराने ताण कमी करून अधिक काम करावे. तो काम कोणते करतो, कोणाशी कसा बोलतो, ही चौकशी बंद झाली. सम्यक आजीविकेचा प्रश्न गाळून शिकविलेली स्मृती ही मला अपुरी विद्या वाटते.

धम्मगिरीच्या दहा दिवसांच्या शिबिरात श्वास पाहणे सुरू होण्यापूर्वी साधकास पाच शीले स्वीकारावी लागतात, आणि दहाव्या दिवशी मैत्रीभावना शिकविली जाते. मधले मौन, गुडघ्याची कळ, अंगावर उठलेली खाज न खाजविता पाहणे, हे सारे त्या दोन टोकांच्या मध्ये येते. शिबिरासाठी फी नाही. या दिवाळीनंतर कोणी जाण्याचा विचार करीत असेल, तर अर्ज वेळेत करावा, आणि त्या पाच शीलांकडे केवळ औपचारिकता म्हणून पाहू नये, एवढी विनंती आहे.