शिक्क्याच्या यंत्रात कोणती ट्यूब बसवावी?

रबरी शिक्के करण्याचं काम आता थोड्या भांडवलात घरातही होतं. ग्रामपंचायत, शाळा, दवाखाना, सगळ्यांना शिक्का लागतो. शनिशिंगणापूरसारख्या यात्रेच्या गावात तर दुकानांना तोटा नाही. कोणी तयार यंत्र घेतो, कोणी लाकडी पेटीत ट्यूब बसवतो. ती ट्यूब चुकली तर डोळे जातात दुखणाईला, म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर.

बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला तेव्हा छपाई शिशाच्या खिळ्यांची होती आणि कामगाराला धोका शिशाचा होता. आता धोका उजेडाचा आहे. दोन काचांमध्ये अक्षरांची निगेटिव्ह आणि मधासारखा पॉलिमर ठेवतात. यूव्ही म्हणजे अतिनील उजेड जिथून आत शिरतो तिथे पॉलिमर घट्ट होतो. काळ्या भागाखालचा पातळच राहतो आणि साबणाच्या पाण्यात ब्रशने निघतो. पिशव्यांवर छापायची पॉलिमर प्लेटही याच तत्त्वावर होते.

यासाठी ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड लागतो. माशा-डास मारण्याच्या यंत्रातल्या निळसर ट्यूब त्याच जातीच्या. एलईडी घ्यायची असेल तर तिच्यावरचा आकडा पॉलिमरच्या डब्यावरच्या आकड्याशी जुळवा. स्वस्त जांभळ्या पट्ट्या बहुधा ३९५ किंवा ४०५ च्या असतात. उन्हातही काम होतं, पण ढग आला की वेळेचा हिशोब बिघडतो.

घेऊ नये ती ट्यूब म्हणजे कोरोनाच्या काळात जंतू मारायला विकली गेलेली, २५४ नॅनोमीटरची, आरपार दिसणाऱ्या काचेची. ‘यूव्ही म्हणजे यूव्ही’ म्हणून ती बसवतात. साधी काच हा उजेड अडवते, त्यामुळे पॉलिमर कच्चाच राहतो. मग का होत नाही म्हणून माणूस झाकण उघडून आत बघतो, आणि डोळे भाजतात.

त्या वेळी काहीच कळत नाही. काही तासांनी, बहुतेक रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी गळतं, उजेड सोसत नाही. वेल्डिंग करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. ही साडेसाती नव्हे, २५४ नॅनोमीटर आहे. तेल वाहून उतरत नाही. डोळे चोळू नका, अंधारात मिटून पडा, वर गार ओली पट्टी ठेवा. दूध, गुलाबपाणी, मेडिकलमधून आणलेले बधिर करणारे थेंब घालू नका. आरोग्य केंद्रात दाखवा. बहुधा एक-दोन दिवसांत बरं होतं.

३६५ ची ट्यूबही टक लावून बघायची नाही. झाकण उघडताच दिवा विझेल असा खटका लावून घ्या. शिंगणापुरात घरांना कवाडं नाहीत, लेकरू कधीही आत येतं, तिथे तर हा खटका हवाच. साधा काळा गॉगल पुरत नाही. ‘यूव्ही ४००’ लिहिलेला, बाजूंनी झाकणारा चष्मा घ्या.

कच्चा पॉलिमर हाताला लागला तर थिनरने नव्हे, साबणाने धुवा. त्याने कातडीला खाज आणि पुरळ येतं. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या चालू असतील तर तेवढे दिवस यंत्रापासून लांब राहा, कातडी लवकर भाजते. आणि ट्यूब फुटली तर झाडू मारू नका, आत पारा असतो. खिडक्या उघडून पंधरा मिनिटं सगळे बाहेर थांबा, मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून झाकणाच्या बरणीत भरा.