आकाशाची पाठशुद्धी

गेल्या हिवाळ्यात नांदेडहून हिंगोलीला निघालो होतो. वारंगा फाट्यावर एस.टी. थांबली, तसे आम्ही मामा-भाची उतरून गरम खिचडी घेऊन बसलो. भाची पदार्थविज्ञान शिकते. आमच्या जिल्ह्यात औंढ्याला गुरुत्वलहरी टिपणारी लायगो वेधशाळा व्हायची आहे, २०२३ साली तिला केंद्राची अंतिम मंजुरी मिळाली, तेव्हापासून तिला दुसरा विषय नाही. मी पडलो मराठीचा मास्तर. सहज विचारले, "तुझा अभ्यास तरी नेमका कशाचा?"

"सर्वांत जुन्या उजेडावरच्या सुरकुत्या काढण्याचा!"

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. ते ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना सुटलेला प्रकाश आजही चोहोकडून येतो; पेन्झियास आणि विल्सन यांचा तो शोध १९६५ साली प्रसिद्ध झाला. मात्र वाटेतल्या दीर्घिका आणि अदृश्य द्रव्य यांच्या गुरुत्वाकर्षणाने त्याचे किरण दोन-तीन कलांनी वाकतात. चंद्रबिंब सुमारे तीस कलांचे, यावरून अंदाज यावा.

"एवढ्याने काय बिघडते?"

"विश्वाच्या जन्मवेळी गुरुत्वलहरी उठल्या असतील, तर या प्रकाशाच्या ध्रुवीकरणात भोवऱ्यासारखी नक्षी उमटली असणार. पण हे वाकणेही तसलीच नक्षी उमटवते. शिवाय धूळ आहेच. २०१४ साली दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या मंडळींनी मूळ नक्षी सापडल्याचे जाहीर केले. वर्षभरात कळले, ती आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची असू शकते!"

"मग उपाय?"

"वाकलेल्या चित्रावरून आणि दूरच्या दीर्घिकांच्या अवरक्त प्रकाशावरून वाटेतल्या वस्तुमानाचा नकाशा काढायचा. त्याने किती नक्षी उपजली हे गणिताने मांडायचे, आणि तेवढी वजा करायची."

मी खूष झालो. "अगं, हे तर आमचेच काम! शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून ग्रंथ शुद्ध केला."

"पण मामा, शुद्ध करताना मूळ शब्दच पुसला गेला तर? आम्हांला तीच धास्ती. म्हणून आधी गणकयंत्रावर कृत्रिम आकाश रचतो, त्यात माहीत असलेली नक्षी घालतो, आणि वजाबाकीनंतर ती शिल्लक राहते का, ते पाहतो."

मला उत्तर सुचेना. पिशवीत तपासलेल्या वह्या होत्या. एका मुलाने निबंधात आईच्या तोंडी 'येऊलालाय' हा शब्द घातला होता. अशुद्ध म्हणून मी त्यावर लाल रेघ ओढली होती. पण ती माउली दुसरे काय बोलणार होती?

कंडक्टरने घंटी दिली. कळमनुरी येण्यापूर्वी मी ती वही काढली आणि त्या रेघेवर तोच शब्द पुन्हा लिहिला.