पांदणीतली टू-स्ट्रोक

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये आर.एक्स. १०० उभी राहिली की तिचं 'ट्युनिंग' ठरलेलं असतं. आधी सायलेन्सरच्या आतली नळी काढायची, मग मोठा मेन जेट टाकायचा, एअर फिल्टर गायब करायचा आणि मालक फारच हुशार असेल तर सिलिंडरचा एक्झॉस्ट पोर्ट कानशीने वर घासायचा. आवाज थेट मेसपर्यंत येतो. हायवेवर गाडी पळतेही, मी नाही म्हणत नाही. पण हीच गाडी जुलैमध्ये आमच्या दिग्रसला आणा आणि शेताच्या पांदणीत घाला. पन्नास पावलांवर क्लच जळल्याचा वास येईल.

ट्युनिंगला मराठीत नेमकं काय म्हणायचं, हा प्रश्न मला पडला होता (मी कॉन्व्हेंटवाली, सांभाळून घ्या). मला तर 'लावणे' हाच शब्द पटतो. तबला लावतात, तंबोरा लावतात, तसं इंजिन लावायचं. तबला गाणाऱ्याच्या पट्टीला लावतात. इंजिनाची पट्टी त्याच्या कामावरून ठरते.

आता आमचं काम. दिग्रसच्या भोवती सगळी काळी कापसाची जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती चाकाला अशी धरते की मडगार्डमध्ये गच्च भरून चाक फिरायचं थांबतं. गोठा शेतात, दूध गावात पोचवायचं, मध्ये दोन किलोमीटर पांदण. हे काम आमच्याकडे आजोबांनी घेतलेली राजदूत करते. हल्ली ती मोठे बाबा चालवतात. दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन, म्हणजे चाळीस किलोच्या वर नुसतं दूध. मी सेकंड इयरला असताना पोर्ट घासण्याचा विषय काढला होता. ते म्हणाले, "मले रेस नाही लावाची वं, दूध न्याचं हाये."

जगात या प्रकाराला चक्क खेळाचा दर्जा आहे. त्याला ट्रायल्स म्हणतात. दगड, चिखल, ओढे यांतून गाडी न्यायची, पाय जमिनीला टेकला की गुण गेले. वेगाला किंमत नाही. १९६४ पर्यंत त्यात मोठ्या फोर-स्ट्रोक गाड्यांचं राज्य होतं. मग सॅमी मिलर नावाच्या चालकाने आपली ५०० सी.सी.ची एरियल सोडली, स्पेनच्या बुल्टाको कंपनीसोबत २४४ सी.सी.ची हलकी टू-स्ट्रोक शेर्पा उभी केली आणि १९६५ मध्ये स्कॉटलंडची सहा दिवसांची प्रसिद्ध ट्रायल जिंकली. तेव्हापासून या खेळात टू-स्ट्रोक घट्ट बसली, ती आजही आहे. तिथल्या ट्युनिंगची दिशा आपल्या पार्किंगच्या बरोबर उलटी असते. कमी आर.पी.एम.ला ओढ, हातात राहील असा थ्रॉटल, आणि मुंगीच्या चालीने जातानाही बंद न पडणारं इंजिन. मोठ्या बाबांना हेच पाहिजे होतं. त्यांना ट्रायल्स हा शब्द माहीत नव्हता इतकंच.

टू-स्ट्रोकमध्ये हे दोन्ही एकाच वेळी का मिळत नाही? आय.सी. इंजिनच्या पुस्तकात स्कॅव्हेंजिंगची आकृती आहे, ती आठवा. ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये येतं तेव्हा एक्झॉस्ट पोर्ट उघडाच असतो. त्यामुळे त्यातलं काही सरळ बाहेर निघून जातं. ते परत ढकलायचं काम सायलेन्सर करतो. पोर्ट उघडल्यावर दाबाची लाट पाईपमधून जाते, पुढच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि पोर्ट बंद व्हायच्या ऐन वेळी निघून चाललेलं मिश्रण आत ढकलते. गणित सोपं आहे. ७,५०० आर.पी.एम.ला (आर.एक्स.ची ११ हॉर्सपॉवर याच ठिकाणी मिळते) एक फेरा ८ मिलिसेकंदांत होतो. पोर्ट अंदाजे १७० अंश उघडा धरला तर पावणेचार मिलिसेकंद. गरम धुरात लाटेचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन जवळपास दोन मीटर. एक मीटरच्या आतला पाईप बरोबर जुळतो. आता हेच ३,००० आर.पी.एम.ला करून बघा. पोर्ट साडेनऊ मिलिसेकंद उघडा, लाट केव्हाच येऊन गेलेली, आणि दाराला कडी लावायला कोणीच नाही. एक्झॉस्ट पोर्ट वर घासला की तो आणखी लवकर उघडतो, आणखी उशिरा बंद होतो, आणि खालच्या स्पीडला उरलासुरला दमही जातो. राजदूतचा लांब, साधा सायलेन्सर अशा एखाद्या स्पीडच्या मागे लागलेला नाही. म्हणून पहिला नियम: पोर्टला आणि सायलेन्सरला हात लावायचा नाही. फक्त साफ ठेवायचे.

हात लावायची जागा म्हणजे कार्बुरेटर, आणि तिथेही मेन जेटला शेवटचा मान. थ्रॉटल बंद ते एक-अष्टमांश उघडा असताना पेट्रोल येतं पायलट जेटमधून. पाव उघडेपर्यंत स्लाइडच्या तिरक्या कापाचं काम. पाव ते पाऊण थ्रॉटलचा सगळा कारभार सुईकडे असतो. मेन जेट जागा होतो तो पाऊणच्या पुढे. पांदणीत पाऊण थ्रॉटल कोण देतो? त्यामुळे मोठा मेन जेट टाकून 'पिकअप वाढला' म्हणणारे लोक खूश राहोत, पण आमचं काम सुईच्या खाचांवर चालतं. क्लिप एक खाच खाली लावली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं. क्लिप वर लावली की लीन.

आधी इंजिन गरम करून आयडलिंग लावायचं. मिकुनीसारख्या कार्बुरेटरला फिल्टरच्या बाजूचा स्क्रू हवेचा असतो. तो पूर्ण आवळून दीड फेरा सोडायचा, मग पाव-पाव फेरा मागेपुढे करत आर.पी.एम. सगळ्यात चढा कुठे लागतो ते पाहायचं. तिथे थांबून स्लाइडच्या स्क्रूने आयडलिंग खाली आणायचं. मग पांदणीतल्यासारखा अर्धा थ्रॉटल धरून थोडं अंतर जायचं, क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद करायचं आणि प्लग काढून रंग बघायचा. चॉकलेटी असेल तर ठीक. काळा म्हणजे रिच. पांढराफटक दिसला तर गाडी तशीच घरी न्या.

पांढऱ्या प्लगला मी इतकी घाबरते त्याचं कारण आमच्या सिलिंडरमध्ये आहे. राजदूतचा बोअर मूळ ६१ मि.मी.चा. गाडी सीझ झाली, ओरखडे पडले, की सिलिंडर पाव मि.मी.ने मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. आमच्या गाडीचं हे चार वेळा झालंय, आता १.०० चा पिस्टन आहे, म्हणजे शेवटचा. पुढच्या सीझनंतर नवी स्लीव्ह ठोकायची नाहीतर भंगारवाल्याला फोन करायचा. घरात दुसऱ्या पर्यायाची चर्चा दर दिवाळीला होते.

सीझ होतं कसं, तेही पाहा. पिस्टन अॅल्युमिनिअमचा, सिलिंडर बिडाचा (बीड म्हणजे कास्ट आयर्न, हे मला मिस्त्रीकडून कळलं). ६१ मि.मी.चा पिस्टन १०० अंशांनी तापला तर सुमारे ०.१२ मि.मी. फुगतो. तेवढ्याच तापमानाला सिलिंडर ०.०७ च्या आसपास. फरक केसाच्या जाडीएवढा, पण पिस्टनची फटही तेवढीच. थंडीत पहाटे पाच वाजता किक मारून लगेच भार टाकला, की पिस्टन आधी तापतो आणि बाहेरचं बीड अजून गारच असतं. म्हणून आमच्याकडे कॅन बांधायच्या आधी गाडी सुरू करतात, कॅन बांधून होईपर्यंत तिला हळू चालू ठेवतात.

लोकांना वाटतं गाडी मे महिन्यात सीझ होईल. मिश्रणाचा हिशेब वेगळंच सांगतो. डिसेंबरच्या ११ अंशांना हवा मेच्या ४४ अंशांपेक्षा सुमारे १२ टक्के घट्ट असते. घट्ट हवा कार्बुरेटरमधून थोडं जास्त पेट्रोलही ओढते (बर्नोली साहेबांची कृपा), पण वर्गमुळाच्या हिशेबाने, त्यामुळे निव्वळ लीनपणा पाच-सहा टक्के उरतो. त्यात आता नवी भर पडली आहे. २०२५ पासून आपल्याकडे पंपावर मिळणारं पेट्रोल जवळपास सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं आहे. एक किलो शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्याच जेटवर गाडी आपोआप आठ टक्के लीन. नव्या गाडीचा कॉम्प्युटर हे सांभाळून घेतो. राजदूतकडे कॉम्प्युटर म्हणजे मोठ्या बाबांचा कान. थंडी आणि इथेनॉल मिळून तेरा-चौदा टक्के होतात, आणि तेवढी सुई वर हवीच. आम्ही दिवाळीनंतर क्लिप एक खाच खाली करतो, मार्चमध्ये परत. जेट बदलायचाच असेल तर ध्यानात ठेवा, आठ टक्के क्षेत्रफळ वाढवायला व्यास चारच टक्के वाढतो. १.०० मि.मी.चं भोक १.०४ होतं. तारेने जेट 'थोडासा' मोठा करणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.

इथेनॉलचा दुसरा त्रास पावसाळ्यात. ते पाणी शोषतं, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. कॉक तळातून ओढतो. आणि आपण पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल? ते वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं. इंजिनाला तेल नसलेलं पातळ पाणी मिळतं. गाडी आठ-दहा दिवस उभी असेल तर कॉकमधून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि पाच मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा. शेगडी, विडी, उदबत्ती जवळपास नको, हे वेगळं सांगत नाही.

तेलाबद्दल एक गैरसमज आमच्या घरातही होता. सुरक्षित म्हणून जास्त तेल ओतायचं. जेटमधून जातो तो एकूण द्रव. त्यात तेल वाढलं म्हणजे पेट्रोल घटलं, मिश्रण लीन झालं. आम्ही लिटरला ४० मि.ली. घालतो, म्हणजे १:२५. खोकल्याच्या औषधाचं माप त्यासाठी उत्तम. आर.एक्स.वाल्यांना पंप असल्यामुळे हे करावं लागत नाही, पण पंपाच्या नळीत हवेचा बुडबुडा नाही ना, ते बघत जा. आणि उतारावर थ्रॉटल बंद करून गाडी गिअरमध्ये दामटू नका. इंजिन जोरात फिरतं आणि तेल थेंबभर. मध्येमध्ये थोडा थ्रॉटल द्या. चालता चालता इंजिनाचा आवाज जड झाला, कोणी मागून धरल्यासारखं वाटलं, की आधी क्लच दाबा, विचार नंतर.

सगळं बरोबर लावूनही प्लग पांढराच येत असेल आणि थ्रॉटल सोडल्यावर रेस खाली यायला वेळ लागत असेल, तर कार्बुरेटरला छळू नका. मॅग्नेटोच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलंय आणि तिथून हवा आत येतेय. दुसऱ्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढऱ्या धुराचे लोट निघतात आणि गिअर ऑइलची पातळी गुपचूप उतरते. सील स्वस्त आहे, काढायची मेहनत मोठी.

पॉइंटचं टायमिंग मिस्त्री विडीच्या कागदावर बघतात. पॉइंटमध्ये कागद धरायचा, मॅग्नेटो हळू फिरवायचा, कागद सुटला तो स्पार्कचा क्षण. पिस्टन कुठे आहे ते प्लगच्या भोकातून घातलेल्या सायकलच्या स्पोकवर. स्पोकचं वरचं टोक वाकवून ठेवा, आत पडला तर हेड उघडावं लागेल. आमच्या लॅबचा डायल गेज यापेक्षा बरा आहे, एवढंच म्हणते.

बाकी किरकोळ. पुढचं स्प्रॉकेट समजा १४ दातांचं असेल आणि १३ चं लावलं, तर चाकावरची ओढ साडेसात टक्क्यांनी वाढते, आणि टॉप स्पीड गेलेलं पांदणीत कोणाला कळत नाही. ट्रायल्सवाले टायरमध्ये नावापुरती हवा ठेवतात, ते बघून आपण तसं करायचं नाही. आपल्या साध्या रिमवर टायर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो, शिवाय मागे दूध असतं. फिल्टरचा स्पंज मात्र कापसाच्या हंगामात आठवड्याला धुवा. जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांच्या मागे चाललं की रुईचे तंतू त्यावर शेवाळासारखे बसतात.

वर्षातून एकदा कार्बन. हेड, पिस्टनचा माथा आणि एक्झॉस्ट पोर्ट लाकडी पट्टीने खरवडायचे, पिस्टन खाली असताना पोर्टमधून चुरा आत जाऊ द्यायचा नाही. रिंग परत बसवताना तिची टोकं खाचेतल्या छोट्या पिनच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. ती पिन असते ती रिंगचं टोक पोर्टमध्ये अडकू नये म्हणून. लोखंडी सायलेन्सर आतून कॉस्टिक सोड्याने साफ होतो, हातमोजे आणि चष्मा घालून. अॅल्युमिनिअमला कॉस्टिक खातं, म्हणून हेड आणि पिस्टन त्याच्यापासून लांब ठेवा, आणि आर.एक्स.वाल्यांनी सिलिंडरही. रिंगच्या टोकांमधली फट मोजायला फीलर गेज लागेल. माझ्याकडे आहे. नेलं तर परत आणून द्या.