आईचं बोलणं टिपणारी माणसं

मराठी घरात पुस्तकातली आई म्हटलं की पहिली आठवते ती श्यामची. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ती लिहिली आणि तिनं पिढ्यान् पिढ्यांना रडवलं. त्या पुस्तकाचं ऋण मी मानते. पण श्यामची आई म्हातारी झालीच नाही. गुरुजींची आई 1917 मध्येच गेली. हट्टी, फटकळ, सुनेची बाजू घेऊन मुलाला झापणारी, सत्तरीतही स्वतःचंच खरं करणारी आई शोधायची तर वेगळी पुस्तकं उघडावी लागतात. आणि त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांमागे घरातलंच कुणीतरी कान देऊन बसलेलं दिसतं.

या सगळ्यांत माझा जीव जडला तो लक्ष्मीबाई टिळकांवर. 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या काळात भागाभागानं बाहेर आलं. मूळ निमित्त होतं रेव्हरंड टिळकांच्या चरित्राचं. मुलगा देवदत्त वडिलांच्या आठवणी मागत होता. आईनं त्या द्यायला सुरुवात केली आणि पाहता पाहता स्वतःच पानभर पसरली. अकराव्या वर्षी लग्न, विक्षिप्त आणि प्रेमळ कवी नवरा, 1895 मध्ये त्यानं घेतलेली ख्रिस्ती धर्माची दीक्षा, मग लहानग्या मुलाला घेऊन काढलेली ताटातुटीची वर्षं. कुणीही यावर उसासे टाकत लिहिलं असतं. लक्ष्मीबाई हसवतात. नवऱ्याकडे परत आल्यावरही आपलं सोवळं त्या सांभाळतात, वेगळं शिजवतात, आणि एके दिवशी स्वतःच्याच डोक्यानं या निर्णयाला येतात की जात माणसानं केलेली आहे, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं. ते नवऱ्यानं पटवलेलं नव्हतं, हे त्या ठासून सांगतात. सोवळ्यापायी घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घेणाऱ्या बापाची ही लेक! पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी साठाहून अधिक अध्याय लिहून पुढे नेलं. शिक्षण म्हणाल तर घरात नवऱ्यानं शिकवलं तेवढंच. 1936 मध्ये त्या गेल्या. नंतर नातू अशोक टिळक यांनी पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. एका बाईचं बोलणं तीन पिढ्यांनी जपलं.

बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखच नव्हती. जन्म 1880, जळगावजवळच्या आसोद्याचा. ऐन तिशीत वैधव्य, पदरी मुलं, शेताची कामं. जात्यावर, शेतात त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी जी कानी पडतील ती उतरवून घेत. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई वारल्या, तेव्हा हाती होतं ते हे टिपण. सोपानदेवांनी ते आचार्य अत्र्यांना ऐकवलं, अत्रे हरखून गेले, आणि 1952 मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' निघालं. पुढच्याच वर्षी अत्र्यांचा 'श्यामची आई' चित्रपट आला. दोन्ही आयांना एकाच माणसाचा हात लागला, पण गर्दी जमली ती डोळ्यांतून पाणी काढणारीकडे. मृत्यूकडेही कौतुकानं बघणारी खानदेशी म्हातारी मला जास्त जवळची वाटते. जी गाणी कुणी टिपली नाहीत, ती तिच्याबरोबरच गेली.

बाया कर्व्यांचं 'माझे पुराण' 1944 चं. नवरा महर्षी कर्वे यांच्या मोठेपणाचा संसारावर किती भार पडला, हे ही बाई आडपडदा न ठेवता सांगते. ते शब्दांकित करून घेणारी होती सून, कावेरी कर्वे. सासूची तक्रार सुनेनं इतक्या मनापासून जपावी, याचं मला फार अप्रूप आहे.

माझी आई पुस्तकात नाही. नव्वदच्या दशकात गावोगावी साक्षरतेचे वर्ग निघाले, तेव्हा पन्नाशी उलटल्यावर ती सही करायला शिकली. 'पार्वती' लिहिताना रफाराशी थबकायची, पण रफार सोडला नाही. वडिलांच्या मागे तिला पेन्शन मिळे. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ती इस्त्रीचं लुगडं नेसून बँकेत जाई. एका वर्षी तिच्यापुढे अंगठ्याचं यंत्र आलं. "सही येती मला. अंगठा कशापायी?" तिला समजावून अंगठा टेकवला, तर झिजलेल्या रेषा यंत्राला उमटेनात. पुन्हा पुसून टेकवला, तरी नाही. अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "रेषा झिजल्या म्हून मी मेले व्हय रं? पेन दे हिकडं." बँकेतल्या पोरानं कागदी अर्ज काढला, खुर्ची दिली. तिनं सावकाश, रफारासकट सही केली.

शांताबाई कांबळे यांच्या बाबतीत कागद-पेन आईच्याच हाती होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या महुदची ही मुलगी शिक्षिका झाली आणि निवृत्तीनंतर तिनं 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. 1986 मध्ये तिचं पुस्तक झालं, पुढे 'नाजुका' ही दूरदर्शन मालिका. ज्या मुलीला वर्गाबाहेर बसावं लागलं, तिनं म्हातारपणी स्वतःची गोष्ट स्वतःच्या बोलीत सांगितली. मुलगा, कवी अरुण कांबळे, दलित पँथरच्या चळवळीतला.

ज्यांच्या घरी असं कुणी नव्हतं, अशा हजारो आयांसाठी हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ गावोगाव हिंडले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाच्या संग्रहात त्या गाणारीच्या नावागावासह ऐकता येतात. नाव राहिलं, ही मोठी गोष्ट. तिथं आईवरच्या ओव्यांना अंतच नाही, आणि भावाला, नवऱ्याला, देवालाही चार शब्द सुनावलेले आहेत.

माझ्या बहिणीनं आईच्या काही ओव्या मोबाइलवर घेऊन ठेवल्यात. एकीत ती मध्येच थांबते आणि "आधी त्यो गॅस बंद कर, दूध उतू चाललंय" म्हणून बहिणीवर ओरडते. भाऊ म्हणाला, तेवढं काढून टाकू. आम्ही दोघींनी हात लावू दिला नाही.